छोट्या मॅस्टोडॉन सर्व्हरचा साठवणखर्च : आपले फोटो किती आणि दुसऱ्यांचे किती?

रानवाटा (धागालेखक) · रविवार, रात्री १०.४०

पक्षीनिरीक्षण आणि रानफुले यांत रमणाऱ्या मंडळींसाठी मी मॅस्टोडॉनचा एक लहानसा सर्व्हर चालवतो. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखे, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम. खाती १४० च्या घरात असली, तरी नियमाने येणारे ६३ जण आहेत; बहुतेक नाशिक, सांगली आणि पुण्याकडचे, चार-पाच जण परदेशातले. आमच्यापैकी दोघांनी २०१९ च्या नोव्हेंबरातच, म्हणजे ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यानंतर भारतातून बरेच लोक मॅस्टोडॉनकडे वळले तेव्हा, दुसऱ्या सर्व्हरवर खाती उघडली होती. बाकीचे २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलल्यानंतरच्या लाटेत आले आणि त्याच सुमारास मी हा सर्व्हर उभा केला.

गेल्या मंगळवारी पहाटे तो बंद पडला. ४०० जीबीची जोड-डिस्क पूर्ण भरली होती. पोस्टग्रेस या डेटाबेसला लिहायला जागा उरली नव्हती, रेडिस हा तात्पुरत्या माहितीचा साठा तक्रारी करत होता आणि मला लॉग इन करून साधी आज्ञा देतानाही टॅब दाबून नाव पुरे करता येत नव्हते, कारण तेवढ्यासाठी लागणारी तात्पुरती फाइलसुद्धा तयार होत नव्हती. जुन्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, उडवून तीन-चार जीबी मोकळे केले आणि सर्व्हर कसाबसा उभा राहिला.

माझा पहिला संशय आमच्याच छायाचित्रकारांवर होता. एका खंड्याचे बारा फोटो टाकणारी माणसे आहेत ती. गटावर रागाने काहीबाही लिहिण्याआधी ‘टूटसीटीएल मीडिया युसेज’ ही साठ्याचा हिशेब देणारी आज्ञा चालवली, हे बरे झाले. तिने दिलेले आकडे असे :

अटॅचमेंट्स (नोंदींसोबतचे फोटो-व्हिडिओ) – २१२ जीबी, पैकी स्थानिक (आमच्या लोकांचे) ९ जीबी
कस्टम इमोजी – ३ जीबी, स्थानिक जवळजवळ शून्य
प्रिव्ह्यू कार्ड्स (दुव्यांच्या झलकी) – १८ जीबी
अवतार (खात्यांची छोटी चित्रे) – ३१ जीबी, स्थानिक २२ एमबी
हेडर्स (खात्याच्या पानावरची रुंद चित्रे) – ५८ जीबी, स्थानिक ४० एमबी

एकूण ३२२ जीबी, आणि त्यांतले आमच्या लोकांचे पुरते १० जीबीसुद्धा नाहीत. बाकी सगळे परक्या सर्व्हरवरच्या परक्या माणसांचे आहे. सहा आठवड्यांपूर्वी मी एकदा हाताने सफाई केली होती. तेवढ्या काळात हा डोंगर पुन्हा उभा राहिला. या डिस्कचे भाडे जीबीमागे महिना १० सेंट, म्हणजे ४० डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले आणि वर १८ टक्के जीएसटी चढवला, तर चार हजारांच्या वर जाते. सर्व्हरचे भाडे वेगळे.

जाणकारांना दोन प्रश्न. दुसऱ्यांच्या या प्रती ठेवणे टाळता येते का? आणि ठेवायच्याच असतील, तर कुठे ठेवाव्यात?

खटपट्या · रविवार, रात्री ११.३५

आपले निदान बरोबर आहे, फक्त ते उशिरा झाले. मॅस्टोडॉनची रीत अशी आहे की तुमच्या सर्व्हरवरच्या एका माणसाने जरी बाहेरच्या कोणाला फॉलो केले, तरी त्या व्यक्तीच्या प्रत्येक नोंदीबरोबरचा फोटो तुमचा सर्व्हर उतरवून घेतो, त्याची छोटी आवृत्ती बनवतो आणि दोन्ही जपून ठेवतो. ती नोंद तुमच्याकडे कोणी उघडून पाहिली की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

यातली मेख अशी की तुमचा खर्च सभासदांच्या संख्येवर ठरत नाही. सभासदांनी मिळून बाहेरची किती वेगवेगळी खाती फॉलो केली आहेत, यावर ठरतो. मोठ्या सर्व्हरवर एका लोकप्रिय खात्याचे दहा हजार अनुसारक असले, तरी प्रत एकच असते आणि तिचा खर्च दहा हजारांत वाटला जातो. माझ्या सर्व्हरवर मी एकटाच आहे. दीड हजार खाती फॉलो करतो आणि त्या सगळ्यांच्या कुत्र्यामांजरांच्या फोटोंचे भाडे एकटा भरतो. ‘लहान सर्व्हर म्हणजे स्वस्त सर्व्हर’ हे माणशी हिशेबात साफ खोटे आहे.

आता उपाय. ४.० आवृत्तीपासून प्रशासनाच्या पडद्यावर ‘कंटेंट रिटेन्शन’ नावाचे पान आहे. तिथे मीडिया कॅशेसाठी, म्हणजे परक्या फोटोंच्या तात्पुरत्या साठ्यासाठी, दिवसांची संख्या भरली की त्याहून जुन्या परक्या प्रती रोज आपोआप काढल्या जातात. सात भरा. मात्र त्याच पानावर परक्या नोंदींचे आयुष्य ठरवणारा आणखी एक रकाना आहे, त्याला चुकूनही हात लावू नका. तो फोटो नव्हे तर नोंदीच पुसतो, आणि त्याबरोबर तुमच्या लोकांनी जपून ठेवलेल्या वाचनखुणाही जातात. त्या परत आणता येत नाहीत.

अवतार आणि हेडर्स या सात दिवसांच्या नियमात येत नाहीत, म्हणूनच तुमच्याकडे ते ८९ जीबीपर्यंत साचले आहेत. त्यासाठी ‘मीडिया रिमूव्ह’ला ‘प्रून प्रोफाइल्स’ हा पर्याय जोडून आज्ञा वेगळी चालवावी लागते. तुमच्या कोणाशीच अनुसरणाचे नाते नसलेल्या खात्यांची चित्रे तीत जातात. कधीकाळी एका बूस्टमुळे (कोणी नोंद पुढे पाठवल्यामुळे) दारावरून गेलेल्या माणसाचे दीड हजार पिक्सेल रुंदीचे हेडर तुम्ही दोन वर्षे सांभाळत आहात, हे लक्षात घ्या.

रिले, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक नोंदी एकमेकांकडे पोचवणारी सेवा, जोडला आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही.

रानवाटा · सोमवार, सकाळी ७.१०

जोडला आहे. सुरुवातीला आमच्याकडचा सार्वजनिक प्रवाह ओस पडलेला दिसायचा, म्हणून दोन रिले जोडले होते. ते आजवर चालू असतील, हे ध्यानातच नव्हते. आत्ताच बंद केले.

अरुंधती_कार्ल्सरूह · सोमवार, दुपारी १.०५

मी जर्मनीत असते आणि इथल्या एका नोंदणीकृत संस्थेच्या सर्व्हरच्या देखभालीत मदत करते. खटपट्या यांच्या म्हणण्याशी सहमत असले, तरी कॅशेकडे केवळ अडगळ म्हणून पाहण्याला माझा आक्षेप आहे.

तुमच्या सभासदाने नांदूरमध्यमेश्वरच्या रोहित पक्ष्याचा दीड एमबीचा फोटो टाकला आणि त्याचे अनुसारक ४०० सर्व्हरवर पसरलेले आहेत, असे समजा. प्रत्येक सर्व्हर तो फोटो एकदाच नेईल, म्हणजे तुमच्याकडून ६०० एमबी बाहेर जातील आणि तिथेच थांबेल. पुढे त्या ४०० ठिकाणचे हजारो वाचक आपापल्या सर्व्हरवरची प्रत पाहतील. कोणीच प्रत ठेवली नाही, तर प्रत्येक वाचक तुमच्या दाराशी येईल. आपण दुसऱ्यांचे ओझे वाहतो तसे तेही आपले वाहतात. तुमच्या ९ जीबीच्या प्रती जगभर किती ठिकाणी पडून आहेत, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. शिवाय मूळ सर्व्हरला वाचकाचा आयपी पत्ता कळत नाही, हा फायदा वेगळाच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या साठवणीच्या बकेटमध्ये ठेवा. पण सेवा कोणाचीही घ्या, फोटोंचा पत्ता मात्र स्वतःच्या उपडोमेनवरचाच असू द्या. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये ‘एस-थ्री एलियास होस्ट’ म्हणून एक ओळ आहे, ती यासाठीच असते. आमच्या आधीच्या देखभालकर्त्यांनी ती रिकामी सोडली होती. त्यामुळे आमच्या प्रत्येक फोटोचा पत्ता त्या सेवेच्या नावाने जगभर गेला. वर्षभराने दर वाढले, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो. फाइली सगळ्या सुखरूप हलवल्या, पण बाहेरच्या सर्व्हरांच्या डेटाबेसमध्ये आमचे जुनेच पत्ते नोंदलेले होते. त्यांची कॅशे सात दिवसांनी रिकामी झाली, ते पुन्हा जुन्या पत्त्यावर गेले आणि तिथे कोणीच नव्हते. तो वर्षभराचा काळ बाहेरच्या जगासाठी आजही कोरा आहे. त्यात एका आजीबाईंचे सगळे विणकामाचे फोटो होते. त्यांना हे समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले होते.

जुना_जमाखर्च · सोमवार, रात्री ९.५०

अरुंधतीताईंचा उपडोमेनचा मुद्दा या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा आहे. मी फक्त पैशांचे सांगतो, कारण बकेट घेताना लोक साठवणीचा दर पाहतात आणि बिल येते ते भलत्याच रकान्यातून.

२०२४ च्या अखेरीस मी दरपत्रके शेजारी ठेवून पाहिली होती. ॲमेझॉन एस-थ्रीचा व्हर्जिनियातला साधा दर जीबीमागे महिना २.३ सेंट. तुमचे ३२२ जीबी जसेच्या तसे तिथे ठेवले, तरी साडेसात डॉलरच्या आत बसतात. ४० डॉलरच्या डिस्कपुढे हे काहीच नाही. पण बाहेर जाणाऱ्या डेटाला पहिल्या १०० जीबीनंतर जीबीमागे ९ सेंट पडतात. महिन्याला ३०० जीबी बाहेर गेले, तर १८ डॉलर नुसत्या वाहतुकीचे. मुंबई केंद्रात हाच वाहतुकीचा दर जवळपास ११ सेंट होता. जवळचे केंद्र घेतले की स्वस्त पडेल, ही आपली सहज समजूत इथे उलटी पडते. क्लाउडफ्लेअर आर-टूचा साठवणीचा दर १.५ सेंट, पहिले १० जीबी मोफत आणि वाहतुकीला आकार नाही. बॅकब्लेझ बी-टू तेव्हा टेराबाइटला ६ डॉलर घेत होते आणि साठ्याच्या तिपटीपर्यंत वाहतूक मोफत देत होते. दर बदलतात, तेव्हा घेण्यापूर्वी स्वतः पाहा.

आता मला बसलेले तीन चटके, सेवांची नावे न घेता सांगतो.

पहिला. एका ठिकाणी दर फार आकर्षक होता, पण अटींत किमान ९० दिवसांचे भाडे लिहिले होते. फाइल सातव्या दिवशी पुसली, तरी उरलेले ८३ दिवस तिचे पैसे चालूच. रोज ५ जीबी येऊन सात दिवसांनी जात असतील, तर प्रत्यक्षात बकेटमध्ये ३५ जीबी असतात आणि बिल ४५० जीबीचे होते. बॅकअपसाठी ती सेवा उत्तम असेल, रोज येऊन जाणाऱ्या पाहुण्यांसाठी अजिबात नाही.

दुसरा. पुसलेली फाइल खरोखर पुसली जाते, असे मानू नका. काही बकेटांत जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय मुळातच चालू असते. मॅस्टोडॉन ‘काढून टाक’ म्हणतो, बकेट ‘बरे’ म्हणते आणि फाइल फक्त नजरेआड करते. पाच महिने मी सफाई करत होतो आणि साठा वाढतच होता. बकेटच्या लाइफसायकलच्या, म्हणजे फाइली किती काळ ठेवाव्यात याच्या, नियमात ‘फक्त शेवटची आवृत्ती ठेवा’ असे निवडले, तेव्हा एका रात्रीत साठा तिसऱ्या हिश्श्यावर आला.

तिसरा. बकेटमध्ये प्रत्येक फाइल टाकण्याचा आणि यादी मागवण्याचासुद्धा आकार असतो. रोज १०,००० फोटो येत असतील आणि प्रत्येकाच्या दोन फाइली होत असतील, तर महिन्याला ६ लाख वेळा लिहिणे झाले. आर-टूवर १० लाखांपर्यंत मोफत, म्हणून तिथे निभावते. पण ‘रिमूव्ह ऑर्फन्स’ ही अनाथ फाइली शोधणारी आज्ञा सगळ्या बकेटची यादी हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी वाचते आणि प्रत्येक गठ्ठ्यागणिक डेटाबेसला विचारत बसते. ती दर आठवड्याला लावून ठेवण्याचा उत्साह मी दाखवला होता. वर्षातून एकदा पुरे.

आणि बकेटची यादी बाहेरच्या कोणालाही वाचता येणार नाही, हे तपासून घ्या. फाइली सार्वजनिक असल्या, तरी यादी सार्वजनिक असता कामा नये. नाहीतर खाजगी नोंदींबरोबरचे फोटोही कोणी चाळू शकतो.

पागोळी · मंगळवार, सकाळी ११.२०

मी सर्व्हर चालवत नाही, पण रानवाटा यांच्यासारख्या एका सर्व्हरवर राहते, म्हणून भाडेकरूच्या बाजूने बोलते. सात दिवस फार कमी आहेत. आमच्याकडे हा नियम लागू झाल्यापासून जुन्या धाग्यावर गेले की आधी रंगीत धुके दिसते आणि मग एकेक चित्र उमटते. मागे एकदा मी कारवीच्या फुलोऱ्यावरच्या जुन्या नोंदी सलग चाळत होते, तर तिशीच्या आसपास चित्रे आल्यावर पुढची धुकटच राहिली.

आणखी एक गोष्ट. मूळ सर्व्हरच बंद झाला असेल, तर चित्र परत आणायचे कुठून? बॉट्सइन.स्पेस हा वर्षानुवर्षे चाललेला सर्व्हर खर्च आणि देखभाल झेपेना, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात नव्या नोंदींसाठी बंद झाला. असे सर्व्हर जातात, तेव्हा त्यांची चित्रे फक्त दुसऱ्यांच्या कॅशेत उरतात. तुम्ही ज्याला अडगळ म्हणता, ती कोणाची तरी शेवटची प्रत असू शकते.

खटपट्या · मंगळवार, दुपारी २.१५

धुक्याचे कारण सांगतो. काढलेली प्रत कोणी पाहायला मागितली की मॅस्टोडॉन ती मूळ सर्व्हरकडून पुन्हा आणतो; पण गैरवापर होऊ नये म्हणून एका आयपी पत्त्यावरून दहा मिनिटांत किती वेळा मागावे, याला मर्यादा आहे. आपण सलग चाळत गेलात, म्हणून ती संपली. थोड्या वेळाने पान पुन्हा उघडले असते, तर उरलेली चित्रेही आली असती.

शेवटच्या प्रतीचा मुद्दा मला मान्य आहे, पण तिचे ओझे ६३ लोकांच्या सर्व्हरवर टाकू नये. कॅशे हे संग्रहालय नव्हे. ज्याला एखादे चित्र कायमचे हवे आहे, त्याने ते मूळ मालकाला विचारून उतरवून घ्यावे. त्या मालकालाही आपला फोटो परक्या डिस्कांवरून कधीतरी नाहीसा व्हावा, असे वाटू शकते, हेही विसरू नये.

अरुंधती_कार्ल्सरूह · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

पागोळी, तुमची हळहळ समजते, पण इथे मी खटपट्या यांच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण पैशांपलीकडचे आहे. परक्या प्रती आपल्या डिस्कवर असतात, म्हणजे परक्या सर्व्हरवरचे बेकायदा चित्रही न मागता आपल्या डिस्कवर येऊ शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लेमी या मॅस्टोडॉनच्याच जाळ्यातल्या चर्चामंचाच्या काही सर्व्हरांवर बालशोषणाची चित्रे मुद्दाम टाकली गेली, तेव्हा त्यांच्याशी जोडलेल्या कितीतरी लहान सर्व्हरांच्या चालकांनी रातोरात चित्रांचा सगळा साठा पुसला. भारतातल्या २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची जी सीमा आहे, ती फक्त जादा जबाबदाऱ्यांसाठी आहे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करण्यासारख्या मूळ जबाबदाऱ्या लहानांनाही आहेत. ज्या डोमेनांचा भरवसा वाटत नाही, त्यांच्यापुरते ‘रिजेक्ट मीडिया’ लावता येते. तेव्हा नोंदी येतात, चित्रे मात्र येत नाहीत.

टपालपेटी · मंगळवार, रात्री १०.०५

मॅस्टोडॉनच हवा, असा हट्ट नसेल, तर त्याच जाळ्यात चालणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे पर्याय आहेत. अक्कोमा परके फोटो मुळात साठवून ठेवत नाही. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, बसवली, तर मागितलेले तेवढेच काही काळ राहते. मिस्कीमध्येही परक्या फाइली न साठवता चालवता येते. गोटूसोशल साठवतो, पण सात दिवसांची मर्यादा तिथे आधीपासूनच घातलेली असते आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर तो इतक्या थोड्या मेमरीत चालतो की माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर कुटुंबातली सहा खाती सुखाने नांदतात. वीज गेली की सातारा जिल्ह्यातला फेडिव्हर्स (म्हणजे हे सगळे जाळे) बंद पडतो, एवढेच. पण ६३ माणसांना त्यांच्या जुन्या नोंदींसह मॅस्टोडॉनवरून दुसरीकडे नेता येत नाही. अनुसारक जातात, नोंदी मागे राहतात. रानवाटा यांना हा मार्ग आता उपयोगाचा नाही.

रानवाटा · शनिवार, रात्री ९.१५

सर्वांचे आभार. आठवडाभर रात्री जागून जे केले, ते लिहितो.

रिले बंद. परक्या फोटोंसाठी सातऐवजी १४ दिवस ठेवले, ते पागोळीताईंच्या पत्रामुळे. आमची मंडळी शनिवार-रविवारी मागच्या आठवड्याच्या नोंदी पाहतात आणि सात दिवसांत नेमक्या त्याच हुकल्या असत्या. रोज साधारण ५ जीबी येतात, म्हणजे परक्या प्रती ७० जीबीच्या आसपास स्थिरावतील. रिले गेल्यामुळे त्याहून कमीच भरतील, असे दिसते. अवतार आणि हेडर्स ८९ वरून १४ जीबीवर आले. प्रिव्ह्यू कार्ड्सची सफाई महिन्याला एकदा लावली आहे.

बकेट घेतली आणि तिच्यापुढे स्वतःचे उपडोमेन लावले. शिवाय सर्व्हरवरच एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची १० जीबीची कॅशे बसवली, म्हणजे एकच फोटो ६३ जणांनी पाहिला, तरी बकेटपर्यंत एकदाच जावे लागते. हलवाहलव चालू असताना सर्व्हर बंद ठेवावा लागला नाही. हॅकीडर्म या मोठ्या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या मंडळींनी २०२२ च्या अखेरीस तळघरातल्या यंत्रांवरून बाहेर पडताना जी युक्ती वापरली होती, तीच केली : फाइल आधी बकेटमध्ये शोधायची, नसेल तर जुन्या डिस्कवरून द्यायची, आणि मागे आर-क्लोन हे फाइली हलवण्याचे साधन शांतपणे नक्कल करत राहते. परक्या प्रतींचे ‘कॅशे’ फोल्डर मी नेलेच नाही. लागेल ते पुन्हा येईल. त्यामुळे नेण्यासारखे उरले ते आमचे १० जीबी, आणि बॅकअपही आता फक्त त्यांचाच घेतो. याआधी दोन वर्षे मी अनोळखी लोकांच्या मांजरांचा रोज रात्री बॅकअप घेत होतो.

एक अडचण इथे राहणाऱ्यांसाठी मुद्दाम नोंदवतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे परदेशी सेवेचे दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे आपल्या कार्डांवरून अनेकदा नाकारले जातात. २०२३ मध्ये माझे असे एक बिल अडले, सूचनेचे पत्र स्पॅममध्ये गेले आणि त्या सेवेने खाते गोठवले. रक्कम तीनशे रुपयांचीही नव्हती. आता जिथे आगाऊ रक्कम भरून ठेवता येते, अशीच सेवा घेतली आहे आणि दर तीन महिन्यांनी एका सभासदाने मला आठवण करायची, असे ठरले आहे. सगळा मिळून वर्षाचा खर्च आता माणशी ३०० रुपयांच्या आत बसतो. तो वर्गणीतून निघेल. गटावर हिशेब मांडला, तेव्हा कोणी कुरकुर केली नाही.

सुगरण_पक्षी · रविवार, सकाळी ८.३०

मी याच सर्व्हरवर आहे. एक शंका : व्हिडिओचे काय? चंडोलाच्या गाण्याचे माझे दोन मिनिटांचे चित्रण चढतच नाही.

रानवाटा · रविवार, सकाळी ९.०५

मॅस्टोडॉनची व्हिडिओची मर्यादा ९९ एमबी आहे आणि ती प्रशासनाच्या पडद्यावर नसून थेट कोडमध्ये लिहिलेली आहे. मी ती वाढवणार नाही. तुमचे चित्रण फोर-केमध्ये असणार. ते ७२० पीवर आणा, तीसेक एमबीत बसेल. गाणे ऐकवायचे असेल, तर नुसता आवाज चढवा आणि सोबत एक फोटो लावा. आवाजाच्या फाइलीला मुखचित्र जोडता येते.